झाडावरच्या प्रेक्षकाला काय दिसतं

मोबाइलवरच्या गेममध्ये जे पात्र आपण तासन्‌तास पळवतो, ते पडद्यावर जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढं असतं. आडव्या धरलेल्या फोनमध्ये निम्मी जागा रस्ता, घरं, झाडं आणि शत्रू खातात. खालचे दोन्ही कोपरे बटणांचे, आणि त्या बटणांवर आपलेच अंगठे. उरल्यासुरल्या जागेत आमचा नायक. मोठ्या मॉनिटरवर जीव ओतून त्याच्या अंगरख्यावर काढलेल्या वेलबुट्टीचा फोनवर नुसता मळकट डाग होतो. लोक गेम खेळतात एसटीत, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात. तेव्हा तो डागही दिसत नाही.

या धंद्यातलं सगळ्यात जुनं शहाणपण याच अडचणीतून आलेलं आहे. १९८१ साली निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोंनी ‘डाँकी काँग’साठी उड्या मारणारा एक माणूस काढला. उंची सोळा ठिपके. एवढ्यात तोंड काढता येईना, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. उडी मारताना केस हलवायचे कसे, म्हणून टोपी. हात अंगापासून सुटे दिसावेत म्हणून सदरा एका रंगाचा आणि वरची ओव्हरऑल दुसऱ्या. पुढे हाच माणूस मारिओ म्हणून जगभर गेला. आज त्याला हवे तेवढे ठिपके मिळतात, तरी मिशी, टोपी आणि ओव्हरऑल जागच्या जागी आहेत. हल्ली संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की मिनिटाभरात दागिन्यांनी मढवलेला योद्धा चित्रात उभा राहतो. तो नखाएवढा करून बघावा, म्हणजे मियामोतोंनी काय काय वगळलं होतं ते कळतं.

मी सांगलीत घरी बसून पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओसाठी गेमची पात्रं घडवते. सध्याचा नायक बहुरूपी आहे. जत्रांच्या हंगामात गावोगाव फिरतो. कधी पोलीस होतो, कधी जोशी, कधी पाटील, कधी पोटुशी बाई, आणि प्रत्येक सोंगात वेगळ्या दारातून आत शिरतो. आमच्या भाषेत सांगाडा एक आणि वेश अनेक. आता यातला पेच असा, की वेश बदलला की गेममधल्या गावकऱ्यांनी फसलं पाहिजे, पण खेळणाऱ्याने क्षणभरही फसता कामा नये. जत्रेच्या गर्दीत आपला गडी कोणता, हे त्याला नजर टाकताक्षणी कळायला हवं.

आमच्या कामात अनुभवी माणसाकडून शिकायची रूढ पद्धत म्हणजे पेंटओव्हर. आपण चित्र पाठवायचं. ज्येष्ठ कलाकार त्यावर एक पारदर्शक थर टाकतो आणि आपल्या रेघांवर स्वतःच्या लाल रेघा ओढून परत पाठवतो. इथे खांदा खाली घे, तिथे कंबर वळव, हा हात अंगाला चिकटलाय, सोडव. लांबलचक सूचना लिहिण्यापेक्षा एक लाल रेघ जास्त बोलते. आमच्या स्टुडिओतले सर (सगळे त्यांना सरच म्हणतात) मात्र लाल रेघेच्या आधी एक काम करतात: आख्खं पात्र काळं करून टाकतात. आत नाक नाही, डोळे नाहीत, वेलबुट्टी नाही. मग ती काळी आकृती चिमूटभर लहान करतात आणि खाली लिहितात, ‘हा कोण?’

हा प्रश्न सरांचा एकट्याचा नाही. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘टीम फोर्ट्रेस २’ हा बंदुकांचा गेम २००७ साली आला, त्यातली नऊच्या नऊ पात्रं नुसत्या आकारावरून ओळखू येतात. लांबून पळत येणारा तो अगडबंब तोफवाला की काटकुळा हेर, हे कळण्यावरच खेळणाऱ्याचं जगणं-मरणं असतं. त्या चमूने स्वतःच लिहून ठेवलंय, की ही हातोटी त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जाहिरात-चित्रकारांकडून उचलली, त्यात जे. सी. लेयेंडेकर हे मोठं नाव. मासिकांची मुखपृष्ठं आणि सदऱ्यांच्या कॉलरच्या जाहिराती रंगवणारा हा माणूस. आकृतीच्या आतल्या कडेने उजेडाची पट्टी सोडायची, कपड्याच्या चुण्या मोजक्या आणि ठाशीव ठेवायच्या, असं त्याचं काम. १९५१ साली तो वारला. व्हिडिओ गेम नावाची गोष्टच त्याने पाहिली नाही. पण दुकानावरून जाणाऱ्या माणसाची नजर किती वेळ थांबते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि पन्नासेक वर्षांनी बंदुकांच्या खेळाला नेमकं तेच लागलं.

सरांच्या लाल रेघेला एक हद्द आहे, आणि ती त्यांनीच सांगितली. ‘उभा असताना तो कसा दिसेल ते मला विचार. चालायला लागला की माझ्याकडे येऊ नकोस. मी सगळं आयुष्य खुर्चीत काढलंय.’

मग चालीसाठी जायचं कुणाकडे? सांगली जिल्ह्यात हा प्रश्न फार वेळ पडत नाही. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, दोन्ही गावं वाळवा तालुक्यातली. तमाशाशी नातं सांगणारं कुणीतरी इथे प्रत्येकाच्या ओळखीत निघतंच. आमच्या मामांच्या ओळखीत तासगावकडचे एक नाना निघाले. फडात सोंगाड्याचं काम करून म्हातारे झालेले. आता गुडघे धरलेत, शेळ्या राखतात. जाण्याआधी फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘सुपारी कितीची?’ मला ते फार आवडलं. स्टुडिओकडून रीतसर आकडा मंजूर करून घेतला आणि मगच गेले.

नानांनी माझा फोन हातात घेतला आणि हात लांब ताठ करून बघायला लागले. चष्मा आत राहिला होता. तेवढ्या अंतरावर, चष्म्याविना, त्यांना जे दिसत होतं ते आमच्या खऱ्या गिऱ्हाइकाला दिसतं त्याच्या फार जवळचं असणार, हे माझ्या तिथेच ध्यानात आलं. तेव्हापासून ज्यांना ज्यांना पात्र दाखवते त्यांना चष्मा काढायला सांगते.

‘कोन हाय ह्यो?’

‘बहुरूपी आहे, नाना.’

‘मंग हालीव की त्येला.’

मी पडद्यावर बोट सरकवलं, पात्र चाललं. नानांनी दोनदा इकडून तिकडे, तिकडून इकडे नेऊन बघितलं. ‘चालतंय ब्येस. पर ह्ये कुनाचंबी चालनं हाय. ह्येच्यात सोंग कुटं हाय?’

मग त्यांनी मैदानाचं सांगितलं. त्यांच्या उमेदीच्या काळात फड जत्रेला गेला की माणसं मावायची नाहीत. पुढचे मांडी घालून, मागचे उभे, त्यामागचे बैलगाडीवर, आणि सगळ्यात मागे बाभळीवर चढलेली पोरं. ‘त्या पोरास्नी आपलं तोंड दिसत न्हाई. बोलनं निम्मं वाऱ्यानं जातंय. पुडं बसल्यालं हसतंय त्येला काय अर्थ न्हाई, त्ये पान खाऊन हसायच्या तयारीनंच आल्यालं असतंय. बाभळीवरचं पोरगं हसलं म्हंजी जमलं.’

‘मग त्या पोराला दिसतं तरी काय?’

‘टाळकं, कंबर आन्‌ ढोपर. बाकी समदा अंधार.’

सरांची काळी आकृती आणि नानांची बाभळ, दोन्ही ठिकाणी तोच प्रश्न. फक्त नानांच्या उत्तरात तीन अवयवांची नावंही होती. आम्ही पात्राच्या चेहऱ्यावरच्या भावांना जेवढे त्रिकोण दिले होते, त्यातले बरेच मी त्या आठवड्यात काढून कमरेत आणि गुडघ्यात घातले. (गेममधलं शरीर बारक्या त्रिकोणांचं विणलेलं असतं आणि मोबाइलला ते मोजूनमापून वापरावे लागतात. सांध्याशी त्यांच्या ओळी पुरेशा नसल्या तर गुडघा वाकताना मांडी चेमटते.)

नाना उठले. एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत धोतराचा सोगा. पायातल्या उजव्या चपलेचा अंगठा सैल होता, आणि तो सैल असणं हेच भांडवल होतं. डावा पाय त्यांनी नीट टाकला, टाच आधी. मग उजवी कंबर बाहेर गेली, तिच्यामागून गुडघा आला, आणि चप्पल पायाच्या मागून जमिनीवरून फरफटत आली. डोकं सगळ्यात शेवटी पोचलं. पुढच्या पावलाच्या आधी एक बारीकसा ठेहराव. दोन पावलांतच अंगण त्यांचं झालं. मग काही न बदलता, चप्पल तशीच ओढत, त्यांनी छाती पुढे काढली आणि पोलीस झाला. छाती आत घेऊन पोट पुढे सोडलं, पाटील. मान लांब करून नाक आभाळाला लावलं, जोशी. मग पाठ मागे कलली, हात कमरेवर गेला, पावलं रुंद पडायला लागली, आणि सून पाणी घेऊन बाहेर आली होती ती दारातच तोंडाला पदर लावून हसायला लागली.

‘हरेक सोंगात पुडं कायतरी एक जातंय,’ नाना धापा टाकत खाली बसले. ‘पोलिसाची छाती, पाटलाचं प्वाट, जोश्याची मान. बाकीचं अंग त्येच्या मागनं येतंय. सोंग वरनं बदलायचं, पोरी. पाय आपलाच ठिवायचा. न्हाईतर लोकास्नी कळायचं कसं, आपला गडी ह्योच म्हनून?’

मी पुण्याच्या मंडळींना त्याच संध्याकाळी कळवलं, की नायकाला सगळ्या वेशांत एकच फरफटती चप्पल राहील.

चालीचं एक आवर्तन बनवताना आम्ही चार मुख्य स्थिती घेतो. पाय टेकतो, अंग खाली खचतं, दुसरा पाय शेजारून जातो, अंग वर येतं. मग हेच आरशातल्या सारखं उलट्या बाजूने. म्हणजे निम्मं काम केलं की उरलेलं उलटवून मिळतं. नानांच्या चालीत ती सोय नव्हती. डावं पाऊल आखूड, उजवं लांब आणि उशिराचं. दोन्ही बाजू हाताने घडवाव्या लागल्या. पण एक फायदा अनपेक्षित मिळाला. गेममध्ये पात्राचा वेग आणि पावलाची लांबी किंचित जरी जुळली नाही तरी पाय जमिनीवर घसरल्यासारखे दिसतात, आणि हे घसरणं लपवायला भल्याभल्या स्टुडिओंची दमछाक होते. आमच्या नायकाचा पाय मुळातच घसरत चालतो. तो कुठे घसरला आणि कुठे ओढला, हे शोधून काढणं कुणाला जमत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्यासाठी जायचं कशाला, व्हिडिओ मागवायचा. जॉर्डन मेकनर यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्र घडवला. १९८९ सालच्या संगणकावर ती हालचाल बघून लोकांनी तोंडात बोटं घातली होती. मीही नानांचं चित्रण समोरून आणि बाजूने करून आणलं, रोज उघडून बघते. पण चित्रणात पाय कुठे पडला ते दिसतं. डोकं शेवटी का येतं, ते नाना बोलले तेव्हाच कळलं. गिरवलेल्या चालीतून दुसरं सोंग उभं करता येत नाही. ‘पुढे काय जातं’ हे एकदा कळल्यावर नानांनी कधी न केलेली सोंगंही, म्हणजे आमच्या गेममधला वायरमन आणि तलाठी, मला करता आली. वायरमनचा उजवा खांदा पुढे जातो, कारण वायरचं भेंडोळं त्याच खांद्यावर असतं.

एका आठवडी बाजारात खरा बहुरूपी भेटला. खाकी अंगात, काठी हातात, ‘वारंट’ काढून भाजीवाल्यांना दम देत फिरत होता. पैसे दिले, जरा बाजूला चहा घेतला. तो फार बोलला नाही. त्याला मी कशासाठी विचारतेय याचा संशय होता, आणि तो रास्त होता. पोटावर पाय येईल असं काही तोंडातून जायला नको. जाता जाता मात्र पायातली चप्पल दाखवून म्हणाला, ‘बूट घालायचा न्हाई कधी. पुरा पोलीस झालो तर मान्सं भ्यात्यात. भ्याल्यालं मानूस पैसं देत न्हाई.’ नाना आणि हा, दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, दोघांची पोटं वेगळ्या कलेवर, पण दोघांचं बोट चपलेवरच.

इथे सरांनी खोडा घातला. आमचा कॅमेरा वरून, तिरका, खाली बघणारा आहे. गच्चीवरून गल्लीत डोकावल्यावर माणूस दिसतो तसा नायक दिसतो. पाय सगळ्यात लांब, सगळ्यात लहान, आणि निम्म्या वेळा सदऱ्याच्या घेराखाली. व्हॉल्व्हनेच ‘डोटा २’ या गेमसाठी पात्रं करणाऱ्या बाहेरच्या कलाकारांना लिहून दिलेली सूचना त्यांनी पुढे केली: पात्र वरच्या अंगाला उजळ ठेवा, पायाकडे गडद करत न्या, बारकावे डोक्या-खांद्याशी खर्च करा, कारण खेळणारा तिथेच बघणार. कागदावर सर बिनतोड होते.

मी कॅमेऱ्याचा विषय आमच्याच भागातल्या एका मूर्तिकार काकांकडे काढला. गौरी-गणपतीच्या आधीचे दिवस. त्यांना बोलायला फुरसत नव्हती, मी ओळीने मांडलेल्या मूर्तींमधून वाट काढत त्यांच्या मागे मागे. डोळ्यांची आखणी ते सगळ्यात शेवटी, स्वतःच्या हाताने करतात. घरातला गणपती असेल तर स्वतः खाली बसून, मूर्ती चौरंगाच्या उंचीवर ठेवून आखतात. मंडळाचा असेल तर आखता आखता परांचीवरून उतरून पार रस्त्यापर्यंत जाऊन वर बघून येतात, आणि बुबुळ जरा खाली आणतात. ‘लोक हात जोडून खालून बघणार. त्यांच्याकडं बघितल्यागत वाटलं पाहिजे. समोरून बघाल तर झोप आल्यागत वाटंल, वाटू दे. समोर कोण उभं राहणाराय?’

त्यांचा प्रेक्षक खाली, आमचा वर, नियम तोच. मी आल्यावर पात्राचा समोरून बघायचा नमुना बंदच करून टाकला आणि फक्त गेमच्या कॅमेऱ्यातून काम सुरू केलं. डोकं थोडं मोठं झालं. पागोटं, टोपी, पदर, म्हणजे डोक्यावरचं जे जे काही, ते सोंगाची खूण ठरलं. वरून तेच पहिल्यांदा दिसतं. आणि चप्पल? तिच्यासाठी उपाय डोळ्यांचा सोडून कानांचा निघाला. फरफट आणि मग फट्‌. आखूड, लांब, आखूड, लांब. वरून पाय दिसला नाही तरी गर्दीत आपला गडी कुठे आहे ते ऐकू येतं, आणि पागोट्याच्या हेलकाव्यातही तोच ठेका दिसतो. सर म्हणाले, ‘आवाज बंद करून खेळणाऱ्यांचं काय?’ बरोबर आहे. त्यांच्यासाठी हेलकावा जरा जास्त ठेवलाय.

आता कुस्तीच्या तालमीबद्दल, कारण तिथे नानांचं शिकवणं उलटं पडलं.

डिस्नेतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या जुन्या ॲनिमेटरांनी १९८१ साली हालचालीची बारा तत्त्वं लिहून ठेवली. त्यातलं एक म्हणजे कृतीच्या आधीची तयारी. उडी मारणारा आधी दबतो, फेकणारा आधी हात मागे नेतो. प्रेक्षकाला पुढचं सूचित झालं की कृती ठसते. नानांचंही तेच. ‘आदी दावायचं, मंग करायचं. न्हाईतर हशा येत न्हाई.’ बतावणीत सोंगाड्या मार खाणार असेल तर तो मार येताना आधी बाभळीला दिसला पाहिजे.

पण आमच्या नायकाला कुस्तीचे दोन-चार डाव येतात, आणि त्यासाठी मी सांगलीतल्या एका तालमीत गेले. हौद्याच्या कडेला बाकावर बसून बघितलं. तांबडी माती, तीत ताक, हळद, तेल मुरवलेलं. हळद सांगलीची, हे सांगायला नको. आत मुलं आणि थोड्या मुलीही. २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली, तेव्हापासून पालक स्वतः मुलींना आणून सोडतात, असं वस्ताद म्हणाले. सलामी झाली, खडाखडी चालू झाली, आणि एका मुलीने एकेरी पट काढला. मी डोळे फाडून बघत होते तरी सुरुवात कुठे झाली ते दिसलं नाही. आधी काहीच नव्हतं, मग समोरचीचा पाय हिच्या काखेत होता.

वस्तादांना नानांचा नियम सांगितला. ते हसले. ‘ताई, आधी दाखवला तर तो डाव कसला? समोरच्याला कळायच्या आत झाला पाहिजे. तुम्ही पायाची बोटं बघा.’ पुढच्या वेळी बोटंच बघितली. डाव सुटण्याच्या ऐन आधी मागच्या पायाची बोटं मातीत रुततात. खांदे ढिले, चेहरा ढिला, हातांनी नुसती चाचपणी, आणि सगळी तयारी त्या पाच बोटांत. डाव झाल्यावर मात्र सगळं दिसतं: पाठ कशी वळली, मान कशी आत गेली, वजन कसं एका मांडीवरून दुसरीवर आलं.

गेमला हेच हवं असतं. बटण दाबलं की पात्राने तत्क्षणी हललं पाहिजे. सेकंदाला तीस चित्रं धरली तर तयारीला दोन-तीन चित्रांच्या वर दिली, की खेळणारा म्हणतो गेम जड आहे, अडकतो. म्हणून नायकाचं वजन आधी दाखवायचं नाही, कृती झाल्यावर दाखवायचं. उडी चटकन, टेकल्यावर मात्र अंग पुरेसं खचू द्यायचं. वस्तादांचा पट मी असाच बसवला.

आणि नाना? नानांचा नियम शत्रूंना लावला. रखवालदार काठी मारण्याआधी ती वर नेतो, श्वास घेतो, टाच उचलतो. खेळणाऱ्याला सावध व्हायला वेळ मिळतो, आणि चुकवता आलं की मजा येते. तो मार येताना बाभळीलाही दिसतो. एकाच गेममध्ये नायक तालमीतला आणि शत्रू तमाशातले. अनुभवी माणसांचं ऐकावं असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यांचा अनुभव कोणत्या प्रेक्षकासमोर तयार झालाय, हे आधी विचारून घ्यावं लागतं. नानांसमोर बघणारा होता. वस्तादांसमोर पाडायला आलेला. दोघांना एका बैठकीत बसवून एकमत करायला लावलं असतं, तर नुसती कुचंबणा झाली असती.

सांगलीत कशाचाही विषय काढा, तो नाट्यपंढरीवर येतोच, तेव्हा मीही तेवढं करून घेते. ५ नोव्हेंबर म्हणजे रंगभूमी दिन, कारण १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या आणि पुढे रामदास पाध्यांनी त्यांत पुन्हा जीव घातला, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. मला या बाहुल्यांचं फार वाटतं. माझ्या सांगाड्यातही प्रत्येक हाड कुठून फिरेल, किती फिरेल हे आधी ठरवावं लागतं, आणि मोबाइलवर त्वचेच्या एका बिंदूला जास्तीत जास्त चार हाडं ओढू देतात, कधी दोनच. जिथे सांधा नको तिथे तो द्यायचा नाही. नानांकडून घेतलेला धोतराचा सोगा नायकाच्या हातातून त्यामुळेच सुटत नाही; त्याला स्वतंत्र हाडं परवडली नाहीत, म्हणून दोन बोटांत कायमचा धरून ठेवलाय. नानांनी बघितलं आणि त्यांना ते पसंत पडलं. ‘सोडायचा न्हाईच तो. सोडला की हाताला काम ऱ्हात न्हाई.’

पैशाचं मघाशी सांगितलं ते पुन्हा सांगावंसं वाटतं. लोककलावंताकडे जायचं, रील काढायचं, ‘किती छान, किती अस्सल’ म्हणायचं आणि गाडीत बसून निघून यायचं, याला आमच्याकडे रेफरन्स गोळा करणं म्हणतात. सरांच्या पेंटओव्हरचा त्यांना पगार मिळतो. नानांनी अंगणात जे केलं ते पेंटओव्हरच होतं, फक्त रेघ अंगाने ओढलेली. आमचा स्टुडिओ फार मोठा नाही, रक्कमही फार मोठी नव्हती, पण करारावर सही झाली आणि श्रेयनामावलीत ‘चाल’ असं वेगळं खातं पडलं. मूर्तिकार काकांनी नाव नको म्हणून सांगितलं. वस्तादांना स्वतःचं नको, तालमीचं हवंय.

नानांनी स्वतःच्या नावाला हरकत घेतली नाही, पण एक अट घातली. ती चाल त्यांची एकट्याची नाही म्हणे. फडात त्यांच्या मागे जो ढोलकीवाला होता, तो उजव्या पावलाला मुद्दाम थाप उशिरा द्यायचा, नानांची खेचायची म्हणून. त्या उशिरात चप्पल ओढायची सवय लागली. त्याचं नाव आधी, मग त्यांचं. ढोलकीवाला आता नाही. त्याची मुलगी मिरजेला असते, आणि तिला विचारल्याशिवाय नाव छापायचं नाही असं आमचं ठरलंय. तिचा नंबर नानांच्या सुनेकडे आहे. सून सकाळी शेतात असते, त्यामुळे दुपारनंतर फोन करायचा.